नुकसानभरपाईची यादी, पंचनामा आणि पैसे : नाशिक जिल्ह्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अतिवृष्टी, गारपीट किंवा पूर येऊन गेला की महिना-दोन महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा येऊ लागतात. निफाडहून येतात, सुरगाण्याहून येतात, शहरातल्या गोदाकाठच्या गल्ल्यांमधूनही येतात. अनुदानाचा सगळा कारभार कागदावर चालतो, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक कागद तुम्हाला बघता येतो. मात्र कोणता कागद कोणत्या कार्यालयात असतो हे माहीत असावं लागतं. म्हणून लोकांनी विचारलेले प्रश्न, शक्यतो त्यांच्याच शब्दांत, इथे एकत्र केले आहेत.

१. अनुदान किती आलं, कुणाला मिळालं, हे विचारायचा आम्हाला अधिकार आहे का? तहसीलमध्ये गेलं की "तुम्ही कोण विचारणारे" असं म्हणतात.

अधिकार आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ख) नुसार अर्थसहाय्याच्या कार्यक्रमांत किती रक्कम वाटली आणि लाभार्थी कोण, हा तपशील प्रत्येक सरकारी कार्यालयाने कुणी मागण्याची वाट न बघता स्वतःहून प्रसिद्ध करायचा असतो. कलम ६(२) प्रमाणे माहिती कशासाठी हवी याचं कारणही अर्जदाराला विचारता येत नाही. शिवाय मदत वाटपाच्या शासन निर्णयांतच बहुतेक वेळा एक ओळ असते : वाटपानंतर लाभार्थ्यांची यादी आणि मदतीचा तपशील जिल्ह्याच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावा. "तुम्ही कोण" असं कुणी विचारलं तर आवाज चढवू नका. त्या शासन निर्णयाची छापील प्रत समोर ठेवा आणि ती ओळ दाखवा. वादापेक्षा कागद लवकर काम करतो.

२. मंत्र्यांनी टीव्हीवर पॅकेज जाहीर केलं. आमच्या जिल्ह्याला त्यातलं खरंच काही आलं का, हे कुठे बघायचं?

घोषणेवरून ते कळत नाही, शासन निर्णयावरून कळतं. महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर जाऊन महसूल व वन विभाग निवडा. मदत व पुनर्वसनाचे निर्णय तिथे निघतात. तारखेचा टप्पा टाकला की यादी येते. निर्णय उघडल्यावर पहिली दोन पानं वाचून थांबू नका. खरी माहिती शेवटी जोडलेल्या प्रपत्रात असते. जिल्हा, नुकसानीचा कालावधी, बाधित शेतकऱ्यांची संख्या, बाधित क्षेत्र आणि मंजूर निधी, सगळं त्या तक्त्यात दिलेलं असतं. त्यात नाशिकची ओळ शोधा.

कालावधीचा रकाना नीट बघा. बरेच जण इथेच फसतात. निर्णय मे महिन्यातल्या अवकाळीचा असतो, तुमचं नुकसान सप्टेंबरमधलं असतं, आणि "नाशिकला पैसे आले" एवढंच ऐकून तुम्ही तलाठी कार्यालयाच्या खेपा घालत राहता. आपल्या तारखेचा निर्णय मिळाला की त्याची प्रत जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक अर्जात त्याचा क्रमांक आणि दिनांक लिहायचा आहे.

३. हेक्टरी किती मिळायला हवं? प्रत्येक जण वेगळाच आकडा सांगतो.

त्यातले बरेच जण खरंच सांगत असतात, कारण वेगवेगळ्या वेळी दर वेगवेगळे होते. केंद्राने २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरवलेल्या निकषांत पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये मिळतात. मर्यादा २ हेक्टर. द्राक्ष आणि डाळिंब बहुवार्षिकमध्ये येतात.

२६ नोव्हेंबर २०२३ च्या गारपिटीने निफाड, दिंडोरीकडच्या बागा झोडपल्या. त्यानंतर १ जानेवारी २०२४ च्या शासन निर्णयाने राज्याने हे दर अनुक्रमे १३,६००, २७,००० आणि ३६,००० रुपये केले आणि मर्यादा ३ हेक्टर केली. ३० मे २०२५ च्या निर्णयाने गाडी पुन्हा केंद्राच्या दरांवर आणि २ हेक्टरवर आली. ऑक्टोबर २०२५ च्या पॅकेजमध्ये मर्यादा ३ हेक्टर झाली आणि रब्बीच्या बियाण्यासाठी व इतर खर्चासाठी हेक्टरी १०,००० रुपये जादा जाहीर झाले.

म्हणून नुकसान ज्या तारखेचं, त्या तारखेला लागू असलेलाच दर धरा. मावसभावाला २०२४ मध्ये मिळालेला आकडा तुमच्या २०२५ च्या नुकसानीला लागू होत नाही.

४. गावाची यादी कुठे लागते? आमच्या ग्रामपंचायतीत तर काहीच लावलेलं नाही.

यादी तयार होते गावपातळीवर. तलाठी भाऊसाहेब (आता त्यांचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी आहे), कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून पंचनामे करतात. त्यावरून यादी बनते, तहसीलदार ती संगणक प्रणालीवर भरतात आणि मंजुरीनंतर प्रत्येक खातेदाराला एक विशिष्ट क्रमांक मिळतो. लोक त्यालाच विके नंबर म्हणतात. ही विके नंबरची यादी तलाठी कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावतात.

फलक रिकामा असेल तर आधी तलाठी कार्यालयात विचारा. तिथे नसेल तर तहसीलच्या नैसर्गिक आपत्ती शाखेत विचारा. जिल्ह्याच्या संकेतस्थळावर यादी आली आहे का तेही बघा. तरीही मिळाली नाही तर सरपंचांना सांगून ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर "नुकसानग्रस्तांच्या यादीचे वाचन" हा विषय घ्यायला लावा. मला हा मार्ग सगळ्यात मोलाचा वाटतो. यादी गावासमोर मोठ्याने वाचली गेली की सुटलेलं नाव तिथल्या तिथे कळतं, आणि नसलेल्या पिकावर लागलेलं नावही कळतं. पैसे वाटून झाल्यावर भांडण्यापेक्षा ते आधी कळलेलं बरं.

५. यादीत नाव आहे, विके नंबर आहे, पण खात्यात पैसे नाहीत. आता काय?

आधी तुमची केवायसी झाली आहे का ते बघा. विके नंबर आल्यावर आपले सरकार सेवा केंद्रात आधार प्रमाणीकरण करून पावती घ्यावी लागते. ऑक्टोबर २०२५ च्या वाटपात अ‍ॅग्रिस्टॅकचा (शेतकऱ्यांच्या डिजिटल नोंदणीचा) फार्मर आयडी असलेल्यांना यातून सूट होती, पण ज्यांच्याकडे तो नव्हता ते प्रमाणीकरणाशिवाय अडकले. केवायसी झाली असेल तर आपत्ती व्यवस्थापनाच्या पोर्टलवर विके नंबर टाकून रक्कम कोणत्या टप्प्यावर आहे ते बघता येतं. सेवा केंद्रातही बघून देतात.

पोर्टल "पैसे जमा" म्हणतं आणि पासबुक म्हणतं "नाही", असं झालं तर बहुतेक वेळा खात्याचा घोळ असतो. पैसे तुम्ही अर्जात दिलेल्या खात्यात न जाता आधारशी सगळ्यात शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी किंवा गॅसच्या अनुदानासाठी कधीतरी उघडलेलं, विसरून गेलेलं खातं असेल तर तेही तपासा. आपलं आधार कोणत्या बँकेशी जोडलेलं आहे हे आधारच्या संकेतस्थळावर कळतं.

६. यादीत माझं नावच नाही. शेजारच्या बांधापर्यंत सगळ्यांना मिळालं.

तीन शक्यता असतात. पंचनामा झालाच नाही, पंचनामा झाला पण नुकसान ३३ टक्क्यांपेक्षा कमी दाखवलं, किंवा पंचनामा बरोबर झाला आणि यादी भरताना नाव गळलं. या तिन्हींवर उपाय वेगळा आहे, म्हणून आधी आपल्या गटाचा पंचनामा मागवा (प्रश्न ७ पाहा). तो हातात येईपर्यंत "माझ्यावर अन्याय झाला" असा अर्ज करू नका. तसा अर्ज तहसीलमध्ये फाईलला लागतो आणि तिथेच राहतो. "गट नंबर अमुकचा पंचनामा अमुक तारखेला झाला, त्यात नुकसान ४० टक्के नोंदवले आहे, तरी यादीत नाव नाही" असा अर्ज मात्र कुणाला बाजूला ठेवता येत नाही.

ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइल अ‍ॅपवरून सातबाऱ्यावर केलेली पिकाची नोंद, झाली होती का तेही बघा. सातबाऱ्यावर कांदा आणि पंचनाम्यात सोयाबीन असेल तर नाव अडकू शकतं.

७. पंचनाम्याची प्रत आम्हाला मिळते का? भाऊसाहेब म्हणतात, तो सरकारी कागद आहे.

सरकारी कागद आहे, म्हणूनच मिळतो. आपल्या गटाच्या पंचनाम्याची प्रत तहसील कार्यालयात नकलेचा अर्ज देऊन मागा किंवा माहिती अधिकारात मागा (प्रश्न ९). पंचनामा होत असताना शेतात हजर राहणं याहून चांगलं. सही करण्याआधी गट नंबर, पीक, क्षेत्र आणि नुकसानीची टक्केवारी वाचून घ्या आणि मोबाइलवर त्या कागदाचा फोटो काढा. रिकाम्या रकान्यांवर सही करू नका.

८. आमच्या मंडळात ६५ मिलिमीटर पाऊस नोंदला नाही म्हणून आम्ही अपात्र. पण शेत तर पाण्याखाली होतं!

हा प्रश्न सायखेडा-चांदोरीकडून फार येतो आणि तिथे तो अगदी रास्त आहे. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर ती अतिवृष्टी धरली जाते. पण गोदाकाठच्या गावांत शेत बुडायला गावात पाऊस पडावाच लागत नाही. पाऊस इगतपुरी-त्र्यंबकला पडतो, गंगापूर आणि दारणा धरणांतून विसर्ग सुटतो, नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यामागे पाणी फुगतं आणि कोरड्या आभाळाखाली ऊस, सोयाबीन, घरं बुडतात. हे नुकसान पुराचं आहे. केंद्राच्या यादीत पूर आणि गारपीट या स्वतंत्र आपत्ती आहेत, त्यांना ६५ मिलिमीटरची अट लागत नाही.

म्हणून अर्जात "अतिवृष्टी" लिहू नका, "पुराच्या पाण्याने नुकसान" लिहा आणि दोन नोंदी जोडा. जलसंपदा विभागाकडून त्या दिवसांच्या विसर्गाची तासागणिक नोंद माहिती अधिकारात मागा. पाण्याखालच्या शेताचे तारीख दिसणारे फोटो लावा. पावसाच्या आकड्यावरच वाद असेल तर कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मंडळनिहाय रोजचा पाऊस बघता येतो. त्या पानाची प्रत काढून ठेवा. पावसाची नोंद मंडळाच्या एकाच केंद्रावर होते. मंडळ मोठं आणि डोंगराळ असेल, जसं पेठ-सुरगाण्यात आहे, तर केंद्रावर रिमझिम आणि पलीकडच्या खोऱ्यात ढगफुटीसारखा पाऊस हे सहज घडतं. अशा वेळी शेजारच्या मंडळाची नोंदही जोडा. सततच्या पावसालाही राज्याने २०२३ मध्ये आपत्ती म्हणून मान्यता दिली आहे. एका दिवसाचा आकडा कमी असला तरी तो मार्ग उरतो.

९. माहिती अधिकाराचा अर्ज नेमका कसा लिहायचा? कुणाला द्यायचा?

अर्ज तुमच्या तहसील कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला द्या. बहुतेक ठिकाणी नायब तहसीलदार हे काम बघतात, नाव दर्शनी फलकावर असतं. नमुना जोडपत्र "अ". त्यावर १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा. प्रती पानामागे २ रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, दाखला जोडा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा.

"मला अनुदान का मिळाले नाही?" असं विचारू नका. कायद्याने उपलब्ध नोंदी मिळतात, स्पष्टीकरण मिळत नाही, आणि "का" या एका शब्दावर अर्ज निकाली निघतात. कागदाचं नाव घेऊन मागा. असं लिहिता येईल :

"मौजे ……, ता. …… येथील दि. …… ते दि. …… या काळातील नुकसानीबाबत : (१) गट क्र. …… च्या पंचनाम्याची छायाप्रत. (२) गावातील बाधित खातेदारांची यादी, पीक, बाधित क्षेत्र व मंजूर रकमेसह. (३) अपात्र ठरवलेल्या खातेदारांची यादी व त्यावरील शेरे. (४) यादी पोर्टलवर भरल्याचा दिनांक. (५) यादी गावात प्रसिद्ध केल्याचा अहवाल."

तिसरा मुद्दा कधीही गाळू नका. मिळालेल्यांची यादी सगळे मागतात, पण नाकारलेल्यांच्या यादीवरचा शेराच तुमचं खरं कारण सांगतो.

ऑनलाइन अर्ज राज्याच्या माहिती अधिकार पोर्टलवर करता येतो. तिथे तुमचं तहसील सापडलं नाही तर जिल्हाधिकारी कार्यालय, नाशिक निवडा. माहिती दुसऱ्या कार्यालयात असेल तर कलम ६(३) प्रमाणे ५ दिवसांत अर्ज तिकडे पाठवणं त्यांचं काम आहे.

१०. अर्ज न करता नुसती फाईल बघता येते का?

येते. सामान्य प्रशासन विभागाच्या २६ नोव्हेंबर २०१८ च्या निर्णयाप्रमाणे जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख बघायला मिळतात. सोमवारी सुट्टी असेल तर पुढचा कामाचा दिवस. शक्यतो दोघं जण जा. एकाने वाचायचं, दुसऱ्याने पानाचा क्रमांक टिपायचा. मग नेमक्या तेवढ्याच पानांच्या प्रती मागता येतात.

११. शेजाऱ्याला किती मिळाले हे विचारलं तर "वैयक्तिक माहिती" म्हणून नाकारतात. बरोबर आहे का?

अर्धं बरोबर. शेजाऱ्याचा बँक खाते क्रमांक, आधार, मोबाइल नंबर मागू नका. ते देणार नाहीत आणि देऊही नये. पण नाव, गट, क्षेत्र आणि रक्कम हा सार्वजनिक पैशाच्या वाटपाचा तपशील आहे. प्रश्न १ मधलं कलम ४ त्यासाठीच आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये मात्र एक बदल झाला. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१) मधली वैयक्तिक माहितीची तरतूद बदलली. "सार्वजनिक कामाशी संबंध नाही" किंवा "खासगीपणात विनाकारण ढवळाढवळ होते" या जुन्या अटी गेल्या आणि नकाराला वाव वाढला. ज्या यादीतून गावाला अन्याय कळतो ती यादी झाकायला ही तरतूद वापरली जाईल याची मला मनापासून काळजी वाटते. पण दोन दारं अजून उघडी आहेत. कलम ८(२) प्रमाणे सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते, ते हित अर्जात एका वाक्यात लिहा. आणि कलम १० प्रमाणे खासगी भाग झाकून उरलेला कागद देता येतो. "खाते व आधार क्रमांक वगळून यादी द्यावी" असं तुम्हीच आधी लिहिलं तर नकाराचं मोठं कारण संपतं.

१२. माहिती अधिकाराच्या अर्जाला ३० दिवस झाले, उत्तर नाही.

पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे जोडपत्र "ब" मध्ये, २० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह अपील करा. त्यांनी ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. त्यानेही समाधान झालं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे दुसरं अपील. मुदत उलटल्यावर मिळणारी माहिती फुकट द्यावी लागते, कलम ७(६). पानांचे पैसे मागितले तर हे कलम दाखवा. आयोगाकडे वेळ लागतो, पण प्रथम अपिलाच्या सुनावणीची नोटीस निघाली की बरेच कागद सापडतात.

१३. सातबारा सामायिक आहे. वडील वारले, नावं अजून लागलेली नाहीत. पैसे कुणाला?

सामायिक खात्यात बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र देऊन एकाच्या नावावर रक्कम घेता येते. मयताच्या नावावर विके नंबर आला असेल तर वारस नोंद करून तहसीलमध्ये नावदुरुस्ती मागावी लागते. वारस नोंद लांबली तर रक्कम तशीच अडकून राहते, म्हणून ती नोंद आधी लावा.

बटाईने करणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं, त्यामुळे पैसे मालकाच्या नावावर निघतात. खर्च बटाईदाराचा आणि भरपाई मालकाची, ही या व्यवस्थेतली खरी उणीव आहे. बटाई ठरवताना भरपाईच्या वाटणीची ओळ लिहून घ्या.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबककडच्या वनपट्टेधारकांनी पंचनाम्याच्या वेळी वनहक्क प्रमाणपत्र दाखवावं आणि त्याचा क्रमांक पंचनाम्यात लिहून घ्यावा. नंतर यादी मागताना त्याच क्रमांकाने मागावी.

१४. आम्ही नाशिक शहरात राहतो. गोदेचं पाणी घरात आणि दुकानात शिरलं. आमची यादी कुठे असते?

शहरातली घरं आणि माणसं यांचे पंचनामेही महसूल यंत्रणाच करते, म्हणून यादी नाशिक तहसीलकडे मागा. नाला, गटार, झाड किंवा महापालिकेची भिंत यांचा संबंध असेल तर त्या नोंदी राजीव गांधी भवनात महापालिकेच्या माहिती अधिकाऱ्याकडे मागा. केंद्राच्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १,२०,००० आणि डोंगरी भागात १,३०,००० रुपये आहेत. अंशतः, म्हणजे किमान १५ टक्के पडलेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये. दुकानातल्या मालाची भरपाई केंद्राच्या निकषांत नाही, ती राज्याच्या वेगळ्या निर्णयाने मिळते. सराफ बाजार, भांडी बाजारातल्या दुकानदारांनी आपल्या पुराच्या तारखेला तसा निर्णय आहे का हे प्रश्न २ प्रमाणे बघावं.

१५. बँकेने अनुदान थेट कर्जखात्यात वळतं केलं.

मदतीच्या शासन निर्णयांत हे करू नये असं स्पष्ट लिहिलेलं असतं. त्या परिच्छेदाखाली रेघ मारून प्रत शाखाधिकाऱ्याला अर्जासोबत द्या आणि पोच घ्या. रक्कम परत आली नाही तर तीच पोच जोडून तहसीलदारांकडे आणि जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करा. राष्ट्रीयीकृत बँक असेल तर जिल्हा अग्रणी बँकेकडे करा.

१६. पीक विमा मिळाला तर अनुदान बंद होतं का?

नाही, दोन्ही वेगळे आहेत. विम्याची माहिती तहसीलकडे नसते, तालुका कृषी अधिकाऱ्याकडे मागा.

१७. वीज पडून घरातला माणूस गेला, बैलही गेला. ही माहिती कुणाकडे?

तहसीलदारांकडे. माणसाच्या मृत्यूला ४ लाख रुपये, दुधाळ गाय-म्हशीला ३७,५००, बैलाला ३२,००० आणि शेळी-मेंढीला ४,००० रुपये हे केंद्राच्या निकषांतले दर आहेत. माणसासाठी शवविच्छेदन अहवाल आणि पोलिसांचा पंचनामा, जनावरासाठी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो. जनावर पुरण्याआधी त्यांना बोलवा. नंतर काहीच सिद्ध करता येत नाही. रात्री घटना घडली तर जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ क्रमांकावर कळवा. तिथे झालेल्या नोंदीची तारीख आणि वेळ नंतर माहिती अधिकारात मागता येते.

१८. यादीत अशी नावं दिसली ज्यांचं शेतच पाण्यात गेलं नव्हतं. आवाज उठवला तर गावात वैर येईल. काय करावं?

खोटा दावा करून मदत घेणं हा आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ५२ प्रमाणे गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मदतीच्या पैशाची अफरातफर करणाऱ्याला कलम ५३ लागतं. मदत वाटताना जात, धर्म, लिंग यांवरून भेदभाव करायला कलम ६१ ने मनाई आहे.

तरी सुरुवात गुन्ह्यापासून करू नका. एका नावावर बोट ठेवण्याऐवजी संपूर्ण गावाची यादी आणि त्यामागचे सगळे पंचनामे मागा. चार-पाच जणांनी मिळून सह्या केल्या तर एकट्यावर राग येत नाही. कागद जुळत नसतील तर फेरपडताळणीचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे द्या. त्यात माणसांची नावं न लिहिता गट नंबर, पीक आणि नोंदवलेलं क्षेत्र एवढंच लिहा, आणि त्याच गटांचे सातबारा उतारे मागे जोडा.